गाणी आणि श्रोते यावर प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

"गाण्यांमुळे तरुण पिढी बिघडतेय" हे वाक्य प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर आलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण मग सर्वेचे प्रश्न पण तसेच निघतात, उत्तरं पण तशीच येतात आणि जे आधीच ठरवलेलं होतं तेच शेवटी निष्कर्ष म्हणून छापलं जातं. इंदूरमधे मास कॉम किंवा सोशॉलॉजी करणारी आपली मराठी मुलं हा विषय आवडीने घेतात आणि घ्यायलाच हवा, लताबाई जिथे जन्मल्या आणि किशोरकुमार जिथे कॉलेजात शिकले त्या गावात हा विषय नाही घ्यायचा तर कुठला घ्यायचा. पण त्याच त्याच चुका वर्षानुवर्षं चाललेल्या बघून जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे गाण्याला इंजेक्शन समजणं. गाणं वाजलं, कानात गेलं, माणूस बदलला. याला बुलेट थिअरी म्हणतात आणि मुलं खुशाल लिहून टाकतात की ही थिअरी अमक्या विद्वानाने मांडली. खरं सांगायचं तर कोणा मोठ्या अभ्यासकाने ही नीट थिअरी म्हणून मांडलेलीच नाही, जुन्या लोकांचा विचार कसा होता हे दाखवायला नंतरच्यांनी ते नाव दिलं. तेव्हा व्हायवाला कोणाचं नाव चिकटवू नका. आणि याच्या उलट पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाचं काम वाचा. अमेरिकेत ओहायोमधल्या एरी काउंटीत 1940 च्या निवडणुकीचा अभ्यास करून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1944 साली पुस्तक काढलं, त्यातून असं दिसलं की रेडिओ-पेपरपेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा परिणाम जास्त होतो, मीडियाची गोष्ट आधी अशा चार जाणत्यांपर्यंत जाते आणि मग त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत. फक्त लक्षात ठेवा, तो अभ्यास मतदानाचा होता, गाण्यांचा नव्हता, त्यामुळे "लाझार्सफेल्डने गाण्यांबद्दल सिद्ध केलं" असं लिहू नका. विचार उसना घ्या, पुरावा स्वतःचा आणा.

पुरावा कुठे मिळेल? गणपतीत मांडवाच्या मागे साउंडवाला बसतो ना, त्याच्याजवळ एक संध्याकाळ बसा. पेनड्राइव्हमधे हजार गाणी असतात पण वाजतात त्यातली मोजकीच. आरती झाली की तो आधी पोरांचे पाय बघतो, पाय थांबले की अर्ध्या अंतऱ्यातच गाणं बदलतो, मधेच खजिनदार काका येऊन आवाज कमी करायला सांगतात, एखादी मावशी जुनं मराठी गाणं लाव म्हणते तर तो लावतो पण एकच कडवं. आता सांगा, गाणं निवडलं कोणी? कंपनीने, साउंडवाल्याने, पोरांच्या पायांनी की मावशीने? माझ्या मते सगळा प्रोजेक्ट या एका प्रश्नावर उभा राहू शकतो, की गाणं माणसापर्यंत पोचलं कसं आणि कोणाच्या हातून.

दुसरी मोठी चूक थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताच्या बाबतीत होते. "अडोर्नो पॉप्युलर म्युझिकच्या विरोधात होता", संपलं. तो जर्मनीतून निघून इंग्लंडमार्गे 1938 साली अमेरिकेत आला, लाझार्सफेल्डच्याच रेडिओ प्रोजेक्टमधे काम केलं, आणि दोघांचं पटलं नाही, कारण आवडनिवड मोजता येते हेच अडोर्नोला मान्य नव्हतं. 1941 च्या निबंधात त्याचा मुद्दा असा की हिट गाण्याचा साचा आधीच ठरलेला असतो, त्यातला एखादा तुकडा काढून दुसरा घातला तरी फारसं बिघडत नाही, आणि वरवरचे छोटे फरक करून ते नवीन आहे असं भासवलं जातं, शिवाय तेच तेच वाजवून वाजवून ते गळी उतरवलं जातं. आता मुलं काय करतात, मुखडा-अंतरा सगळ्या गाण्यांत सारखा म्हणजे फिल्मी गाणं साचेबंद, असं लिहून मोकळी होतात. अहो मग स्थायी-अंतरा तर बंदिशीतही असतो, म्हणून इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ साचेबंद होतात का? साचा असणं हा पुरावा नाही, तुकडा बदलता येतो का हा पुरावा. करून बघा ना, दोन गाणी घ्या, एकाचं मधलं म्युझिक मोबाईलवरच कापून दुसऱ्यात जोडा, पट्टी आणि लय जुळवून घ्या, आणि पाचसहा जणांना ऐकवा. कुठे खटकलं, कोणाला खटकलं, हे लिहून काढा. आणि एक, तो बोलतोय ते तेव्हाच्या अमेरिकन रेडिओवरच्या डान्स बँडच्या गाण्यांबद्दल, आपल्याकडच्या प्लेबॅकबद्दल नाही, हे एका वाक्यात तरी सांगाच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर केसकरांचं घ्या, पण तेही अर्धवट घेऊ नका. डॉ. बा. वि. केसकर, मराठी माणूस, 1952 ते 1962 माहिती आणि प्रसारण मंत्री. लोकांची आवड सुधारायची, शास्त्रीय संगीत घराघरात न्यायचं, ही त्यांची मनापासूनची इच्छा. मुलं लिहितात, केसकरांनी फिल्मी गाण्यांवर बंदी घातली. इतकं सरळ ते नव्हतं. फिल्मी गाण्यांचा वेळ कमी केला, गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं बंद केलं कारण ती जाहिरात होते, त्यावरून निर्मात्यांशी बिनसलं, आणि काही काळ आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि श्रीलंकेतून चालणारं रेडिओ सिलोन लावलं, तिथे 1952 च्या डिसेंबरमधे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आणावी लागली. यावरून "श्रोते जिंकले, अडोर्नो हरला" असं लिहायचा मोह होतो, तर तो आवरा. गीतमालेच्या मागे टूथपेस्टची कंपनी होती, आणि गाण्यांचा नंबर लावताना दुकानातली रेकॉर्डविक्री आणि श्रोता संघांची मतं दोन्ही बघत. म्हणजे श्रोत्याने सरकारचं ऐकलं नाही हे खरं, आणि तो जिथे गेला तिथे बाजार आधीच मांडून ठेवलेला होता हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच परिच्छेदात यायला पाहिजेत.

व्ह्यूज म्हणजे आवड, ही चूक तर आता सर्रास. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी इंटरनेटवर केलेला एक प्रयोग 2006 साली छापून आला, 48 अनोळखी गाणी, 14 हजारांवर लोक, त्यांचे वेगवेगळे गट, आणि काही गटांना आपल्या गटात कुठलं गाणं किती डाउनलोड झालंय ते दिसायचं. जिथे आकडे दिसत तिथे हिट जास्तच हिट झाली आणि एकच गाणं एका गटात वर तर दुसऱ्यात खाली गेलं, फार चांगलं सहसा बुडालं नाही आणि फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकलं. तेव्हा आकडा टाका, पण आकड्यानेही आकडा वाढतो हे लिहा.

स्टुअर्ट हॉल या अभ्यासकाचे तीन प्रकारचे वाचक, म्हणजे सांगितलं तसंच घेणारा, थोडं मानून थोडं सोडणारा आणि विरोधात अर्थ लावणारा, हे तीन डबे नाहीत. 1973 चं ते काम टीव्हीबद्दल आहे आणि एकच माणूस सकाळी एका पद्धतीने आणि मित्रांत दुसऱ्या पद्धतीने तेच गाणं घेऊ शकतो, त्यामुळे "40 टक्के विरोधी श्रोते" असले पाय चार्ट नका काढू.

आता सर्वे. "गाण्यांचा तुमच्यावर परिणाम होतो का?" असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणणार, आणि "इतरांवर होतो का?" विचारलं की हो हो, खूप होतो. डेव्हिसनने 1983 साली याला थर्ड पर्सन इफेक्ट म्हटलं. म्हणून दोन्ही प्रश्न ठेवा आणि दोन उत्तरांतला फरकच मांडा, तो फार बोलका असतो. फॉर्म फक्त कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नका, घरातल्या आजीपासून दुकानातल्या पोरापर्यंत जा.

आणि फॉर्म भरून आलेत, प्रश्न चुकलेत, तारीख जवळ आली, असं झालं असेल तर सगळं फेकू नका. त्यातल्याच आठदहा जणांना पुन्हा भेटा, त्यांच्या परवानगीने त्यांच्याच मोबाईलमधली हिस्टरी उघडायला सांगा आणि एकेका गाण्यावर बोट ठेवून विचारा, हे तू स्वतः शोधलंस, कोणी पाठवलं, की आपोआप लागलं? फॉर्ममधे दिलेलं उत्तर आणि हे उत्तर शेजारी शेजारी टेबलमधे टाका, आणि जिथे जुळत नाही तिथून तुमचं शेवटचं प्रकरण लिहायला घ्या.