क्लस्टर हेडेकचं निदान झालंय? पुढचा अटॅक येण्याआधी घरात काय तयार हवं

एकाच डोळ्याच्या मागे किंवा कानशिलात असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी, तीच नाकपुडी चोंदलेली, पापणी उतरलेली. आणि पडून राहणं अशक्य. माणूस येरझाऱ्या घालतो, डोकं भिंतीवर आपटतो. असा अटॅक 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत चालतो, दिवसाआड एक ते दिवसाला आठ इतक्या वेळा येतो, आणि पुष्कळांना झोप लागल्यावर तास-दीड तासात गाठतो. मायग्रेनचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, क्लस्टरचा रुग्ण जागेवर टिकत नाही. हा फरक न ओळखल्यामुळे अनेकांना आधी सायनस म्हणून अँटिबायोटिक्स मिळतात, काहींच्या तर चांगल्या दाढा काढल्या जातात.

निदान नुकतंच झालं असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा: उपचार दोन वेगळ्या पातळ्यांवर चालतात. चालू अटॅक तोडणारं औषध वेगळं, आणि काही आठवडे ते काही महिने चालणारा अटॅकचा हा सगळा काळ आटोक्यात आणणारं औषध वेगळं. चिठ्ठीवर दोन्ही हवीत. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, ट्रॅमाडॉल यांच्या भरवशावर राहू नका. गोळीचा परिणाम सुरू होईपर्यंत अटॅक बहुतेक ओसरलेला असतो.

ऑक्सिजन

सर्वांत सुरक्षित आणि प्रभावी उपाय हाच, आणि सर्वांत जास्त चुकाही इथंच होतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिनिटाला 12 लिटर दरानं शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर 78 टक्के अटॅकमध्ये 15 मिनिटांत आराम पडला; साध्या हवेनं 20 टक्क्यांमध्ये. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नेमकं असं लिहून घ्या: 100 टक्के ऑक्सिजन, मिनिटाला 12 ते 15 लिटर, नॉन-रिब्रीदर मास्क, 15 ते 20 मिनिटं. श्वसनाचा जुना आजार (सीओपीडी) असेल तर ते आधी सांगा.

करोनाच्या काळात घेतलेला कॉन्सन्ट्रेटर घरात असला तरी तो इथं पुरत नाही. घरगुती यंत्रं सहसा 5 किंवा 10 लिटरची असतात, आणि त्यांचा ऑक्सिजन पूर्ण शुद्ध नसतो. सिलिंडरच हवा. नाकातली नळीही चालत नाही, खाली पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्कच लागतो.

बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर मावतात. 15 लिटरच्या दरानं 15 मिनिटांना 225 लिटर जातात, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सहा-एक अटॅक. गेजवरचा आकडा दहानं गुणला की उरलेले लिटर ढोबळमानानं कळतात. काटा 50 वर आला की भरायला पाठवा. रोज तीन-चार अटॅक येत असतील तर सुमारे 7000 लिटरचा जम्बो भाड्यानं घेणं सोयीचं, सोबत प्रवासासाठी एक छोटा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकल ऑक्सिजनच घ्या: काळा सिलिंडर, पांढरा खांदा. वेल्डिंगवाल्याकडचा आणू नका. फ्लोमीटर (ऑक्सिजनचा दर दाखवणारी नळी) 15 लिटरपर्यंत जाणारा आहे का, ते दुकानातच पाहा.

अटॅकची चाहूल लागताच बसा. फ्लोमीटरची खुंटी बंद ठेवून चावीनं सिलिंडर हळूहळू उघडा, मग खुंटी फिरवून फ्लोमीटरमधली गोळी 12 ते 15 वर आणा. पिशवी पूर्ण फुगू द्या, त्यानंतरच मास्क गच्च लावा. बाजूचं झडप नसलेलं छिद्र बोटानं झाका. चिकटपट्टी लावू नका, ऑक्सिजन संपला तर श्वास कोंडेल. श्वास घेताना पिशवी पार चपटी होत असेल तर दर कमी पडतोय. दुखणं थांबल्यावरही आणखी पाच मिनिटं घ्या.

देवघरातला दिवा, अगरबत्ती, गॅस, सिगारेट यांच्या जवळ ऑक्सिजन उघडायचा नाही. झडपेला तेल-ग्रीस लावायचं नाही. सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधा, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बाल्कनीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नका.

इंजेक्शन आणि स्प्रे

सुमाट्रिप्टान 6 मिलिग्रॅम, कातडीखाली. 24 तासांत जास्तीत जास्त दोन, मध्ये किमान एक तास. हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा आटोक्याबाहेरचं बीपी असेल तर हे चालत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. नाकाचा स्प्रे थोडा हळू चालतो, तो मोकळ्या नाकपुडीत मारा. इंजेक्शन प्रत्येक मेडिकल स्टोअरमध्ये नसतं, म्हणून नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या हॉस्पिटलजवळच्या दुकानात आधी फोन करून मागवून ठेवा. साठवण 30 अंशांखाली, म्हणजे मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत नाही.

अटॅक कमी करणारं औषध

पहिली निवड व्हेरापॅमिल. सहसा 80 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरुवात करून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्यानं वाढवतात. सुरू करण्याआधी आणि प्रत्येक वाढीनंतर ईसीजी हवाच, कारण हृदयातला विद्युतप्रवाह मंदावू शकतो. ईसीजी न काढता मात्रा वाढवली जात असेल तर स्वतःहून विचारा. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठता होते, पाणी आणि ताक वाढवा. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा, आपल्या संत्र्याला ती अडचण नाही. परिणामाला एक-दोन आठवडे लागतात, तेवढ्या काळासाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा छोटा कोर्स किंवा डोक्याच्या मागच्या मज्जातंतूजवळ इंजेक्शन देतात. प्रेडनिसोलोन मनानं बंद करू नका, आणि साखर तपासत राहा.

नागपुरात कुठं जायचं

न्यूरॉलॉजिस्टकडेच जा. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये न्यूरॉलॉजी विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्येही. जाताना डायरी न्या: वेळ, बाजू, किती मिनिटं, काय घेतलं. अटॅक चालू असतानाचा मोबाइल व्हिडिओ त्याहून बोलका. मेंदूचा एमआरआय एकदा व्हावा, त्यात पिट्युटरी ग्रंथीही पाहायला सांगा. अटॅक 2 ते 30 मिनिटांचे आणि दिवसाला पाचाहून जास्त असतील तर इंडोमेथासिन या औषधाला दाद देणारा वेगळा आजार असू शकतो. तो प्रश्न विचारा. रात्री कॅज्युअल्टीत जावं लागलं तर निदान आणि ऑक्सिजनचा दर लिहिलेला कागद पाकिटात असू द्या.

आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, नजर जाणं, किंवा मानदुखीसोबत पापणी उतरलेलीच राहिली, तर मास्क लावून वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

या काळात दारू पूर्ण बंद. एका पेगवर तासाभरात अटॅक येऊ शकतो. दुपारची झोपही काहींना भोवते. घरच्यांनी रुग्णाला धरून बसवू नये. सिलिंडर उघडावा, घड्याळ पाहावं. वेदनेत जीव नकोसा झाल्याचे विचार या आजारात येतात. ते लपवू नका, 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं.

अटॅक थांबल्यावर दोन आठवड्यांनी डॉक्टर व्हेरापॅमिल हळूहळू उतरवतात. पुष्कळांना पुढचा काळ वर्षाच्या त्याच सुमारास येतो. त्याच्या महिनाभर आधी सिलिंडर भरा, इंजेक्शनची मुदत तपासा, न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या.