लय पेशींची की ट्यूबलाइटची?

उंदराच्या मेंदूच्या पातळ कापात ओरेगॉन ग्रीन बाप्टा-१ हा कॅल्शियम वाढलं की जास्त चमकणारा रंग भरून मायक्रोस्कोपखाली न्यूरॉनमधलं, म्हणजे मेंदूच्या पेशींमधलं, कॅल्शियम बघत होतो. कॅमेरा सेकंदाला ९८ फ्रेम्सवर. आलेखात सेकंदाला दोनदा वर-खाली होणारी सुबक लाट दिसू लागली. खऱ्या स्पाइकनंतर, म्हणजे पेशीच्या विजेच्या झटक्यानंतर, कॅल्शियमचा सिग्नल झटकन चढतो आणि सावकाश उतरतो. ही लाट मात्र दोन्ही बाजूंनी सारखी. शिवाय सगळ्या पेशी, आणि पेशी नसलेला कोपराही, एकाच तालात. इतकी शिस्त मेंदूत नसते.

फ्रेम रेट ९० केला, तर लाट सेकंदाला १० वेळा! पेशी काही कॅमेऱ्याची सेटिंग बघून वेग बदलत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. लुकलुक आणि कॅमेरा यांच्या वेगातला फरकच संथ लाट होऊन दिसतो: शंभरातून ९८ गेले, उरले २. ९० गेले, उरले १०. पेशी उजळवणारा निळा एलईडी बंद केला तरी लाट तशीच, म्हणजे उजेड बाहेरचा. ट्यूबमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा आमच्या ५०० ते ५५० च्या फिल्टरमधून आरामात आत येते.

मायक्रोस्कोपभोवतीच्या पडद्याची फट काळ्या टेपने बंद केली, काप ठेवतो त्या स्टेजवर काळं कापड टाकलं, लाट गेली. मग ५०० फ्रेम्सवर पुन्हा तपासलं. त्या वेगात चोरटा उजेड १०० हर्ट्झवर उघडा पडतो, संथ लाटेच्या वेशात लपत नाही. आता दर प्रयोगाआधी एलईडी बंद ठेवून एक रेकॉर्डिंग घेतो. कंटाळवाणं काम आहे, पण घेतो.