१४ महिन्यांचा गॅप आणि एक्सपायरीचे खोके

आधीच सांगतो, मी कोणी एक्स्पर्ट नाही, बीकॉम झालेला साधा अकाउंट्सवाला आहे. पुण्यात अडीच वर्षं नोकरी केली, मग डिप्रेशनने असं धरलं की एक दिवस बॅग भरली आणि मिरजेला घरी आलो, त्यानंतर १४ महिने काही म्हणजे काहीच केलं नाही, दाढीसुद्धा आईने चारदा म्हटल्यावर. नातेवाइकांकडे उपाय तयारच होते. फिरून ये, व्यायाम कर, नाहीतर लग्न करून टाका त्याचं.

गोळ्यांबद्दल एकच सांगतो. असर दिसायला काही आठवडे जातात हे डॉक्टरांनी सांगितलेलं, तरी मी तिसऱ्या आठवड्यात मनानेच बंद केल्या आणि सगळं परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं. सकाळी गुंगी असायची तेही सांगायची लाज वाटायची, शेवटी सांगितलं तर त्यांनी गोळी फक्त रात्रीवर ढकलली. दोन महिने उगाच झोपून काढले मी! तुम्ही विचारा बिनधास्त, पण बदल डॉक्टरांनाच करू दे. रात्री-अपरात्री फारच वाईट वाटायला लागलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता कामाचं. मला वाटायचं आधी कॉन्फिडन्स येईल आणि मग अर्ज करू. तो काही आला नाही. मामाच्या ओळखीचं औषधांचं होलसेल दुकान होतं, मिरजेत दवाखाने एवढे की या धंद्याला मरण नाही. तिथे दुपारी ३ ते ६, एक्सपायरी झालेला माल वेगळा काढायचा. चंदेरी स्ट्रिपवर बॅच नंबर इतका बारीक असतो की उजेडाकडे तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही, तो वाचायचा, वहीत लिहायचा, कंपनीप्रमाणे खोक्यात टाकायचं. पहिल्या दिवशी ३ तासांत ४० स्ट्रिपा. बीकॉमवाला पोरगा खोकी भरतोय म्हणून शेजारचे हसले असतील, हसू देत. पण ६ वाजता खोका भरलेला डोळ्यांना दिसायचा आणि घरी आल्यावर भूक लागायची, ती कित्येक महिन्यांनी लागत होती.

महिन्याभराने शेठनाच म्हटलं, काका, परचेसच्या एंट्र्या मी मारू का टॅलीत? (टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर.) तिथून गाडी रुळावर आली. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी येणार, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, असा महिन्याला परत आकार आला. मला वाटतं ठरलेल्या तारखा असलेलं काम आपल्यासारख्यांना बरं पडतं, कुणाकुणाला उलट त्याचंच टेन्शन येईल, ते आपलं आपण बघावं.

इंटरव्ह्यूत मात्र पहिल्यांदा माती खाल्ली. गॅप का, असं विचारल्यावर मी अख्खी रामकथा सांगितली, आजार, गोळ्या, पुण्यातला बॉस, सगळं. समोरच्या बाईंचं पेन थांबलं ते थांबलंच, नंतर फोन नाही. दुसऱ्या वेळी आरशासमोर पाठ करून गेलो: "तब्येतीमुळे १४ महिने काम बंद होतं, उपचार घेतले, आता ५ महिने होलसेल मेडिकलचं टॅली आणि जीएसटी बघतोय." यात खोटं काही नाही आणि वाक्य कामावर येऊन थांबतं. पुढचा प्रश्न आपोआप कामाचा आला, परचेस रजिस्टर आणि २बी जुळलं नाही तर काय करता? ते तर मी दर महिन्याला करत होतो, सप्लायरला फोन करून करून घसा बसलेला!

ज्यांचा आजार जास्त गंभीर आणि जुना आहे त्यांनी दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचीही चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलाय, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीतल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. मी काढलं नाही, पण काढणाऱ्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता सांगलीत नोकरीला ८ महिने झाले. पगार पुण्यापेक्षा कमी आहे, तो सलतो, खोटं कशाला बोलू. दर दीड महिन्याने एका शनिवारी फॉलोअपला अर्धा दिवस सुट्टी घेतो, साहेबांना "डॉक्टरकडे जायचंय" एवढंच सांगतो. कसल्या डॉक्टरकडे, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. फक्त २० तारखेच्या आधी येत जा म्हणतात.