हार्ड डिस्क चालली की काय? आधी डेटा काढा, मग तपासा, मग वॉरंटीचं बघा

"भाऊ, पीसी लय हळू चालून राह्यला, विंडोज मारून दे" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, आत एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) आहे का जुनी फिरणारी हार्ड डिस्क? जुनी असेल तर विंडोज मारायची, म्हणजे नव्याने टाकायची, घाई अजिबात नको. फोल्डर उघडताना वरची हिरवी पट्टी सरकतच राहते, एखादी फाईल कॉपी करताना मध्येच सगळं गोठतं, कालपर्यंत उघडणारा फोटो आज अर्धा करडा दिसतो, कधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा सेटिंगचा स्क्रीन) डिस्क दिसते तर कधी गायब, नाहीतर चालू करतानाच काळ्या स्क्रीनवर स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस असं येतं. यातलं एखादं जरी दिसलं तरी डिस्कवर संशय घ्यायचा. मात्र टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली म्हणून लगेच घाबरू नका, विंडोज १० जुन्या डिस्कवर टाकलं की ते तसंही दिसतं.

पहिलं काम डेटा. जळगावच्या गोलाणी मार्केटात गेलं की नवी डिस्क मिळून जाईल, पण जिनिंगच्या ऑफिसातला टॅलीचा डेटा, स्टुडिओवाल्याची लग्नाची शूटिंग किंवा डीटीपीवाल्याच्या लग्नपत्रिकांच्या कोरलच्या फाईली कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. एक बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राईव्ह घ्या आणि जे गेलं तर धंदा बसेल ते आधी काढा, सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर शेवटी. पूर्ण डी ड्राईव्ह एकदम ओढून टाकू नका, एका खराब फाईलवर अडकलं की बाकीचं पण लटकतं, म्हणून एकेक फोल्डर. विंडोजमध्ये फारच हँग होत असेल तर उबुंटूचा (विंडोजसारखीच, फुकट मिळणारी सिस्टीम) पेनड्राईव्ह बनवून त्यावरून पीसी चालू करा आणि तिथून कॉपी करा. थोडी कमांड लिहायची भीती नसेल तर डीडीरेस्क्यू वापरा, ते डिस्कचा चांगला भाग आधी उचलतं आणि अडकणाऱ्या जागा नंतरसाठी ठेवतं, फक्त कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे दोनदा बघून घ्या नाहीतर उलटं होऊन बसेल.

डेटा निघेपर्यंत चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवायचं नाही, डिफ्रॅग (फाईलींचे तुकडे एकत्र लावणं) नाही, फॉरमॅट तर नाहीच. दुकानात पुष्कळ जण पहिल्यांदा चेक डिस्कची स्लॅश आर वाली कमांडच मारतात, ती पूर्ण डिस्क वाचत बसते आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते.

आणि आवाज? टकटक, टकटक, मग थांबून पुन्हा फिरण्याचा प्रयत्न, असं असेल तर पीसी बंद करा. हा आवाज कधी कधी एसएमपीएस (पीसीला पॉवर देणारा डबा) कमजोर असला तरी येतो, म्हणून एकदाच दुसऱ्या पीसीवर लावून बघा, तिथेही तसंच झालं तर आत हेड (प्लेटवरचा डेटा वाचणारा भाग) गेलंय असं समजा आणि पुन्हा पुन्हा चालू करू नका, हेड प्लेटवर घासलं तर जे वाचणार होतं ते पण जातं. घरी उघडून बघणं, फ्रीजमध्ये ठेवणं हे यूट्यूबवाले प्रयोग सोडा. खरंच महत्त्वाचा डेटा असेल तर मुंबई-पुण्याकडे क्लीन रूमवाले (धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणारे) रिकव्हरीचं काम करतात. ते महाग पडतं, आधी तपासणीचे पैसे किती आणि डेटा नाही निघाला तर किती घेणार ते लेखी विचारा.

डेटा सुरक्षित झाला की तपासणी. आधी केबल. साटाची केबल (डिस्कपासून मदरबोर्डला जाणारी) काढून दुसरी लावा, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरा, पॉवरचा दुसरा कनेक्टर लावा. कित्येकदा डिस्कवर उगाच आळ येतो आणि दोष ढिल्या केबलचा असतो.

मग क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. निळं असेल तर गुड, पिवळं कॉशन, लाल बॅड. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, खाली यादी असते तिच्यातल्या चार ओळी बघा. ०५ म्हणजे रिअलोकेटेड सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), डिस्कने खराब झालेली जागा सोडून राखीव जागा वापरली त्याचा आकडा. सी५ म्हणजे पेंडिंग, जे सेक्टर नीट वाचता येत नाहीयेत आणि निर्णय व्हायचाय. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. सी७ केबलचा, तो वाढत असेल तर केबल बदला, नंतर तो आकडा कमी होत नाही पण पुढे वाढायचा थांबतो. आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) दिसतात, मेनूतून साध्या दहाच्या आकड्यात करून घ्या, नाहीतर ए८ बघून काहीच कळणार नाही (ते १६८ असतात). सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर अवाढव्य आकडे दिसतात, ते तिथे नेहमीचंच आहे, त्याला घाबरायचं नाही.

०५ मध्ये दोन-चार आकडा असेल आणि महिनोन्‌महिने तेवढाच राहिला तर डिस्क चालू शकते, पण रोज वाढत असेल तर ती जाणार. आपल्याकडे लाईट सारखी ये-जा करते, लिहिता लिहिता पॉवर गेली की सी५ मध्ये एखाददुसरा सेक्टर अडकतो आणि पुन्हा त्यावर लिहिलं की सुटतो पण, त्यामुळे नुसता सी५ बघून डिस्क फेकू नका, यूपीएस लावून लक्ष ठेवा. तापमान पण तिथेच दिसतं. बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० अंश असते आणि मे महिन्यात भुसावळला बाहेरच ४५ असताना बंद कॅबिनेटमध्ये डिस्क तिथवर जायला वेळ लागत नाही. शेवटी कंपनीची टेस्ट, सीगेटचं सीटूल्स किंवा वेस्टर्न डिजिटलचं स्वतःचं तपासणीचं सॉफ्टवेअर. शॉर्ट टेस्ट दोन-तीन मिनिटांची, लाँग टेस्टला कित्येक तास जातात. टेस्ट फेल झाली की त्याचा स्क्रीनशॉट घ्या, वॉरंटीला उपयोगी पडतो.

आता वॉरंटी. डिस्कवरच्या स्टिकरवर सीरियल नंबर असतो, तो कंपनीच्या साईटवर टाकला की वॉरंटी आहे का संपली ते कळतं. घरगुती डिस्कला साधारण २ वर्षं मिळतात, सीसीटीव्हीच्या पर्पल किंवा स्कायहॉकला ३. डिस्क ब्रँडेड पीसीसोबत आलेली असेल तर डिस्कची कंपनी हात वर करते, तेव्हा पीसी कंपनीकडे जावं लागतं. बिल शोधा, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला असेल तर उत्तम. डिस्क उघडलेली, वाकलेली किंवा स्टिकर फाटलेलं असेल तर वॉरंटी विसरा. बदलून मिळते ती बहुतेक वेळा दुरुस्त करून तपासलेली डिस्क असते, नवीकोरी नाही, आणि जुन्या डिस्कमधला डेटा तुम्हाला परत मिळत नाही. आणि सेतू केंद्रवाल्यांनो, डिस्कमध्ये लोकांचे आधार, सातबारा असतात, चालू असेपर्यंत पूर्ण पुसून मगच द्या. चालूच होत नसेल तर वॉरंटी घ्यायची का डिस्क आपल्याकडेच ठेवायची ते ठरवा, मी तर अशा वेळी वॉरंटी सोडून द्या म्हणतो. वॉरंटी असून दुकानदार टोलवत असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

नवी घेताना विंडोजसाठी साटा एसएसडी घ्या, जुन्या पीसीतही बसते, आणि मोठी हार्ड डिस्क फक्त साठवणीला. स्वस्तात नवी म्हणून देत असतील तर दुकानातच लावून क्रिस्टलमध्ये पॉवर ऑन अवर्स बघा. वर्षाचे ८,७६० तास होतात, तिथे २० हजार दिसले तर ती वापरलेली आहे, बहुतेक कुठल्यातरी डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) निघालेली. तिथेच परत करा, घरी आणल्यावर कोणी ऐकत नाही भो.