नव्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रँड भरण्याआधी: मेडिकलवाल्याची तयारी

शहाद्याकडचे बरेच पेशंट दाखवायला सुरतेला जातात. तिकडची चिठ्ठी इकडे येते आणि तिच्यावरचा ब्रँड आपल्या फळीवर नसतो. "भाऊ, माले तीच गोई दे," म्हणत म्हातारी रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवते. औषधांची यादी भरायला बसाल तेव्हा ती स्ट्रिप डोळ्यांपुढे असू द्या. 'तीच' म्हणजे आपल्याकडच्या ब्रँडपैकी नेमकी कोणती, हे कॉम्प्युटरला आपणच शिकवायचं असतं.

बसताना स्टॉकिस्टची बिलं बाजूला सारा. त्यांवर नावं तोडून छापलेली असतात, घटक तर बहुतेकदा नसतोच. प्रत्येक ब्रँडचा एक नग हातात घेऊन त्यावरूनच लिहा. एकेरी घटकाच्या गोळीवर जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट साइज मोठं छापायचा नियम २०१८ मध्ये आला, त्यामुळे डोळे थोडे वाचतात. जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे; जेनेरिक नाव, बॅच, एक्स्पायरी त्यातच मिळते.

आता वहीत रकाने आखा: घटक, साल्ट (घटक ज्या क्षाराच्या रूपात असतो तो), ताकद, रूप, आणि गोळी साधी की एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी. ब्रँड, कंपनी आणि पॅकिंग या ओळीत घालू नका, त्यांचं पान वेगळं. साल्टचा रकाना फालतू वाटतो, पण रक्तदाबाचं मेटोप्रोलॉल भरायला घेतलं की त्याची किंमत कळते. त्याची साल्टं दोन: टार्ट्रेट साधी गोळी आणि सक्सिनेट हळूहळू सुटणारी. सक्सिनेटच्या पाकिटावर २३.७५ मिग्रॅ, म्हणजे टार्ट्रेटच्या २५ मिग्रॅइतकं, असं लिहिलेलं असतं. दोन्ही 'मेटोप्रोलॉल २५' म्हणून कोंबलं की झाला घोळ. एस-अॅम्लोडिपिन २.५ आणि अॅम्लोडिपिन ५ यांचं उलटं: आकडे वेगळे, काम बरोबरीचं धरतात, तरी ओळी दोनच ठेवा. आणि फ्रुसेमाइड व फ्युरोसेमाइड हे मात्र एकच, नुसता स्पेलिंगचा फरक. तिथे दोन ओळी झाल्या तर अर्धा माल शोधूनही सापडणार नाही.

पातळ औषधाला 'ताकद' एका आकड्यात बसत नाही, हे मी स्वतः चुकून शिकलो. भाच्याने भरलं, मी तपासलं नाही. पॅरासिटामोल, लहान मुलांचं, पातळ: एक १००, एक १२०. जवळजवळ सारखंच की! स्क्रीनने दोन्ही एका गटात दाखवली. थेंबांच्या बाटलीवर १०० मिग्रॅ असतं ते एका मिलीत. सिरपवर १२० मिग्रॅ असतं ते पाच मिलीत, म्हणजे मिलीला २४. सिरपच्या जागी थेंबांची बाटली गेली आणि आईने सवयीने पाच मिलीचा चमचा भरला, तर बाळाच्या पोटात ५०० मिग्रॅ, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. चाचणीतच लक्षात आलं म्हणून बरं. पातळासाठी दोन आकडे: किती मिग्रॅ, किती मिलीत.

गट पाडायला आयता कोड शोधू नका. जीएसटीच्या बिलावरचा वस्तूंचा कोड, एचएसएन, घेतला तर ३००४ खाली निम्मं दुकान येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा औषधांच्या वर्गवारीचा एटीसी कोड चांगला, पण तो घटकापाशी थांबतो. एन०२बीई०१ लिहिलं की थेंब, सिरप आणि ६५०ची गोळी सगळे पॅरासिटामोल म्हणून एका रांगेत.

'याला पर्याय तो' अशा जोड्या मुळीच लिहू नका. दहा ब्रँड म्हणजे ४५ जोड्या, अकरावा आला की आणखी दहा. वर एखाद्याने साध्या गोळीला चुकून एसआर जोडली की ती चूक साखळीने सगळीकडे पसरते. त्यापेक्षा वहीतल्या प्रत्येक ओळीला एक नंबर द्या आणि ब्रँडच्या पानावर फक्त तो नंबर टाका. डोलो ६५० आणि क्रोसिन ६५० एकमेकांना ओळखत नाहीत, दोघांनाही 'पॅरासिटामोल ६५० गोळी' ओळखते. दुकानाची वेबसाइट करणारा पोरगा 'सेम अॅज' वापरू म्हणाला तर थांबवा. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये, म्हणजे वेबसाइटवरची माहिती कॉम्प्युटरला कळावी म्हणून ठरवलेल्या शब्दांच्या यादीत, त्याचा अर्थ 'हीच ती वस्तू' असा आहे, आणि दोन कंपन्यांच्या दोन गोळ्या ही एक वस्तू नव्हे. तिथे औषधासाठी ब्रँडचं नाव, जेनेरिक नाव, घटक, रूप, ताकद असे वेगळे रकाने आहेतच.

एवढं जुळलं म्हणजे बदलून द्यायची मुभा मिळाली, असं नाही. १९४५च्या औषध नियमांतला ६५(११ए) सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्स, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या याद्या, यांतल्या औषधाच्या चिठ्ठीवर दुसरं काही द्यायचं नाही, घटक तोच असला तरी. म्हणून 'सारखं आहे' आणि 'देता येईल' हे दोन वेगळे रकाने करा. दुसऱ्यात शेड्यूल भरा आणि थायरॉक्सिन, फेनिटॉइन, वॉर्फरिन यांच्यापुढे लाल खूण करा. यांच्यात डोस थोडा हलला तरी पेशंटला जाणवतो.

शेवटी वीसेक जुन्या चिठ्ठ्या काढून चालवून बघा, त्यात दोन सुरतच्या आणि एक इंदूरची असू द्या. एचची गोळी टाकल्यावर स्क्रीनवर पर्यायांच्या डोक्यावर 'डॉक्टरांना फोन करा' आलं, तरच जुनी यादी पुसा.