गावातल्या पोहण्याच्या तलावाचा इतिहास लिहायचाय? आधी माणसं गाठा

आपल्या खानदेशात नदीकाठच्या गावाचं पोहणं डोहात सुरू झालं, तलाव नंतर आला. म्हणून वही घेऊन पहिल्यांदा पालिकेत जाऊ नका, घाटाजवळच्या पारावर जा. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून तापीत उतरलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कागद पुढच्या महिन्यातही सापडतील.

त्यांना साल विचारू नका, चुकतं. "आबा, तलाव सुरू झाला तेव्हा तुमचा धाकटा भाऊ कितवीत होता? जुनी अकरावी की नवी दहावी?" असं विचारा. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ ची, त्यामुळे काळ हाती लागतो. १९७२ चा दुष्काळ ही दुसरी खूण.

बायकांना वेगळं बसवून विचारा. माझा गुलाबी पास मी जपून ठेवलाय: पिनेच्या गंजाचा डाग, फोटोवर अर्धा शिक्का आणि शाईनं लिहिलेलं 'महिला, दु. ४ ते ५'. मे महिन्यात चार वाजता फरशी अशी तापलेली असायची, की आम्ही पोरी बादलीनं पाणी ओतत ओतत काठापर्यंत जायचो. सकाळची गार वेळ पुरुषांची. ही गोष्ट कुठल्याच ठरावात सापडायची नाही, पण माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी.

मग कोनशिला. चुन्याखाली अक्षरं बुजली असतील तर अंधार पडल्यावर बॅटरीचा उजेड बाजूनं तिरपा टाका, वाचता येतात. भूमिपूजन आणि उद्घाटन वेगळं धरा. मी घोळ केला होता. दोन्हींत चार पावसाळ्यांचं अंतर निघालं.

पालिकेत सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. माझ्या पहिल्या अर्जाला 'अभिलेख आढळत नाही' एवढंच आलं. साल आणि विषय नेमका लिहिल्यावर दोन पानं हाती आली. घाटाचे जुने कागद शोधताना १९०६ नंतरचे पूर्व आणि पश्चिम खानदेशाच्या नावानं बघा.

तलाव का बंद पडला, तेही लिहाच. २५ मीटर लांब, १२ रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी. नळ आठवड्यानं येणाऱ्या गावात हा हिशोब मांडावाच लागतो.

लिहून झालं की आबांना वाचून दाखवा. आमच्या आबांनी एकच दुरुस्ती सांगितली: डबा नुसता नको लिहू पोरी, डालड्याचा लिही.