उभ्या गाडीला धक्का लागला तर: आधीपासून काय तयार ठेवावं

गाडी मागे घेताना शेजारची उभी गाडी घासली जाते, मालक कुठे दिसत नाही आणि माणूस गडबडून जातो. त्या गडबडीत काही सुचत नाही, म्हणून तयारी आधीच हवी. डॅशबोर्डच्या कप्प्यात लहान वही आणि बॉलपेन ठेवा. जेलपेन नको, पावसाच्या थेंबांनी त्याची शाई पसरते आणि नेमका फोन नंबरच वाचता येत नाही. चिठ्ठी घालायला एक प्लॅस्टिकची पिशवीही असू द्या. लायसन्स, आरसी आणि विमा पॉलिसी यांचे फोटो मोबाइलमध्ये असावेत.

धक्का बसला की थांबायचं, मग तो ओरखडा कितीही किरकोळ दिसो. चुकून पडलेला पोचा हा सहसा भरपाईचा मामला असतो. न सांगता निघून जाणं मात्र अनेक देशांत गुन्हा आहे. गाडी हलवण्याआधी फोटो काढा: आधी लांबून, दोन्ही नंबर प्लेट दिसतील असा, मग पोचा जवळून, आणि आपल्या बंपरला लागलेला समोरच्या गाडीचा रंगही. त्या गाडीवरचे जुने, मळ धरलेले ओरखडेही टिपून ठेवा, कारण पुढे वाद होतो तो त्यांच्यावरूनच.

मग मालकाचा शोध घ्या, वॉचमनला विचारा. नाहीच सापडला तर चिठ्ठी लिहा: नाव, पत्ता, फोन, आपल्या गाडीचा नंबर, वेळ आणि काय झालं ते एका वाक्यात. वायपरखाली नीट अडकवा आणि तिचाही फोटो घ्या.

पण चिठ्ठी ठेवली म्हणजे सुटलो, असं समजू नका. जर्मनीत दंड संहितेच्या कलम १४२ नुसार नुसती चिठ्ठी पुरत नाही. पुरेसा वेळ थांबावं लागतं आणि तरीही कोणी आलं नाही तर विनाविलंब कळवावं लागतं. कॅलिफोर्नियात चिठ्ठीच्या जोडीला पोलिसांनाही कळवायचं असतं. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जागेवर पोलीस नसेल, तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, खबर द्यायची. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. हे २४ तास म्हणजे सवलत नव्हे, ती शेवटची मर्यादा आहे. ब्रिटनमध्येही नाव-पत्ता देता आला नाही तर जवळपास हाच नियम आहे.

क्लेम करायचा असेल तर कंपनीच्या सर्व्हेअरने पाहीपर्यंत आपली गाडी गॅरेजला टाकू नका. आपसात मिटवायचं ठरलं, तरी रक्कम, तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि 'यापुढे काही मागणं नाही' एवढं कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ओळखीचा माणूस असला तरीही.